रॅक सर्व्हरमधील बॅकप्लेनची केबल काढताना काय सांभाळावे?

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातील एका पतसंस्थेच्या संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे. मुख्य शाखेत २यू (रॅकच्या मापातील दोन एककांच्या) उंचीचा एक रॅक सर्व्हर असून त्यात आठ डिस्क, त्यांना एकत्र सांभाळणारे एक रेड कार्ड आणि दोन पॉवर सप्लाय आहेत. शाखांचे हिशेब आणि पिग्मी एजंटांच्या यंत्रांतून संध्याकाळी येणारी वसुली हे सगळे त्याच्यावरच चालते. अलीकडे ० ते ३ या चार खणांतील एखादी डिस्क मध्येच दिसेनाशी होते, थोड्या वेळाने परत येते आणि रीबिल्ड, म्हणजे तिच्यावरची माहिती पुन्हा भरण्याचे काम, सुरू होते. ४ ते ७ या खणांत असे एकदाही झालेले नाही. एका खणात नवी डिस्क घालून पाहिली, तरी तेथे तोच प्रकार चालू राहिला. म्हणून रेड कार्डापासून बॅकप्लेनकडे, म्हणजे डिस्क ज्यात बसतात त्या बोर्डाकडे, जाणाऱ्या दोन मिनी सॅस केबलींपैकी पहिलीवर माझा संशय आहे.

वॉरंटी संपलेली आहे. त्याच पार्ट क्रमांकाची नवी केबल मिळाली असून काम रविवारी करावे असा विचार आहे. अडचण आहे ती जुनी केबल काढण्याची. मागे सर्व्हर बंद असताना झाकण उघडून पाहिले तेव्हा ती पंख्यांच्या चौकटीखालून गेलेली दिसली, आणि कार्डाकडचे तिचे टोक हीटसिंकला (चिपची उष्णता घालवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याला) इतके खेटून आहे की तेथे दोन बोटे नीट जात नाहीत. ओढून पाहण्याचे धाडस केले नाही. जोर किती लावावा, कोणते टोक आधी काढावे आणि कार्डावरचे सॉकेट उखडू नये म्हणून काय करावे, हे जाणकारांनी सांगावे.

रॅकवाला (टिळकवाडी)

ओढून पाहिले नाही हे उत्तम केले. केबलीला हात लावण्यापूर्वी दोष तिचाच आहे याची आणखी एक खूण पाहून घ्यावी. डिस्क साटा प्रकारच्या असतील तर त्यांच्या स्मार्ट नोंदीत (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद) १९९ क्रमांकाचा गुणधर्म असतो. डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामधील प्रवासात माहिती बिघडली की तो आकडा वाढतो. डिस्क स्वतःच झिजत असेल तर साधारणपणे खराब जागा मोजणारे ५ आणि १९७ हे आकडे वाढताना दिसतात. डिस्क सॅस प्रकारच्या असतील तर रेड कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फायची (डिस्क आणि कार्ड यांच्यामधील जोडणीची) त्रुटी-नोंद पाहता येते. १९९ चा आकडा कधी मागे येत नाही, त्यामुळे तो शून्य नाही एवढ्यावरून काहीच ठरत नाही. आज टिपून ठेवावा, परवा पुन्हा पाहावा आणि चारही खणांत तो वाढतो आहे का, हे तपासावे. चारही खणांत वाढत असेल तर दोष केबल, कार्डाचे पोर्ट किंवा बॅकप्लेन यांपैकी एकात आहे, आणि त्यांत सर्वांत स्वस्त व बदलायला सर्वांत सोपी केबलच असल्याने सुरुवात तेथून करणे योग्य ठरते. दोन्ही केबलींची अदलाबदल करून पाहा, असे कोणी सुचवील, पण लोकांच्या ठेवी ज्या यंत्रावर आहेत त्यावर मी तो प्रयोग करणार नाही.

दुसरी गोष्ट अशी की रॅक सर्व्हरमधील डिस्क, पॉवर सप्लाय आणि बहुतेक ठिकाणी पंखेही यंत्र चालू असताना काढता येतात, आणि त्यावरून आतले सगळेच तसे असावे असा समज होतो. आतील केबली तशा नसतात. तुमच्या पहिल्या केबलीवर चार डिस्क आहेत. डिस्कांची मांडणी रेड ६ प्रकारची असेल तरी ती एकाच वेळी दोन डिस्कांचाच वियोग सहन करते, त्यामुळे चालू यंत्रातून ही केबल निघाली तर सगळा अ‍ॅरे (डिस्कांचा एकत्रित संच) त्याच क्षणी कोसळेल. शिवाय रेड कार्डावरील कॅशमध्ये डिस्कवर लिहायची राहिलेली माहिती असू शकते. ती टिकवण्यासाठी कार्डाला बॅटरी किंवा सुपर-कपॅसिटर जोडलेला असतो, आणि त्याची बारीक वायर नेमकी याच भागातून जाते. म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम रीतसर बंद करावी, पॉवरचे बटण दाबून धरून ती पाडू नये, आणि बॅटरीच्या वायरीला विनाकारण हात लावू नये.

शनिवारी पिग्मीची वसुली चढली आणि दिवसाचा हिशेब बंद झाला की बॅकअप दुसऱ्या यंत्रावर घ्या आणि त्यातील एखादी फाइल प्रत्यक्ष उघडून पाहा. मार्चअखेर जवळ आली असेल तर मात्र डिस्कांवर लक्ष ठेवून एप्रिलपर्यंत थांबणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

उद्यमबाग (बेळगाव)

वरील सर्व मान्य. मी विजेच्या बाजूबद्दल लिहितो, कारण फाउंड्र्यांच्या कार्यालयांत काम करताना गडबड होताना मी पाहिली ती बहुतेक याच बाबतीत.

ऑपरेटिंग सिस्टीम बंद झाली, पंखे थांबले आणि समोरचा दिवा विझला, तरी सर्व्हर मेलेला नसतो. मागे वायर जोडलेली असेपर्यंत पॉवर सप्लाय मदरबोर्डाला स्टँडबाय वीज देत राहतो, कारण दूरून यंत्र सुरू करणारा व्यवस्थापन-कंट्रोलर, म्हणजे कोणाकडे आयड्रॅक तर कोणाकडे आयएलओ, सतत जागा असावा लागतो. यंत्राला दोन पॉवर सप्लाय असतील तर एकच वायर काढून उपयोग नाही. लहान कार्यालयांत एक वायर यूपीएसवर आणि दुसरी थेट भिंतीतल्या सॉकेटवर असते, आणि रॅकच्या मागे गुंत्यात दुसरी दिसतच नाही. दोन्ही वायरी सर्व्हरच्या मागून, म्हणजे पॉवर सप्लायच्या तोंडातून काढाव्यात आणि त्यांची टोके चिकटपट्टीने रॅकच्या खांबाला बांधून ठेवावीत. नुसते भिंतीवरचे बटण बंद करू नये. लाईट गेली म्हणून कोणीतरी येऊन सगळी बटणे खाली-वर करून पाहतो, आणि पावसाळ्यात आपल्याकडे तो प्रसंग कधी येईल याचा भरवसा नसतो.

वायरी काढल्यावर समोरचे पॉवरचे बटण दाबून दहा-पंधरा सेकंद धरावे, म्हणजे कपॅसिटरमध्ये उरलेला भार निघून जातो. कधी कधी त्या क्षणी पंखा किंचित हलतो किंवा दिवा लुकलुकतो. झाकण उघडल्यावर मदरबोर्डावर एखादा बारीक दिवा अजून जळत असेल तर कोठेतरी वीज शिल्लक आहे असे समजून मागे फिरावे.

आता यंत्र बाहेर घेण्याविषयी. डिस्कांनी भरलेला २यू सर्व्हर पंचवीस-तीस किलोंच्या घरात जातो. तो रुळांवर पूर्ण बाहेर ओढला की रॅकचा तोल पुढे येतो, म्हणून रॅक जमिनीला किंवा भिंतीला बांधलेला आहे याची खात्री करावी आणि एका वेळी एकच यंत्र बाहेर काढावे. रूळ शेवटपर्यंत अडकेपर्यंत येतात की नुसतेच निसटतात, हे आधी पाहून घ्यावे. टेबलावर न्यायचा असेल तर दोन माणसे हवीत, यात शूरपणा करू नये.

अथणीकर

उद्यमबाग यांच्या एका मुद्द्याशी मी सहमत नाही. अथणी, कागवाड या बाजूला उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की खुर्चीवरून उठून दाराच्या कडीला हात लावला तरी चटका बसतो. अशा वेळी दोन्ही वायरी काढल्या तर यंत्राचे अर्थिंगच तुटते. आम्हाला शिकवले होते की भिंतीवरचे बटण बंद करावे, पण वायर राहू द्यावी, म्हणजे यंत्राचा पत्रा अर्थशी जोडलेला राहतो आणि अंगावरची स्थिर वीज जमिनीत जाते. वायर काढल्यावर ती जाणार कोठे?

उद्यमबाग (बेळगाव)

प्रश्न रास्त आहे आणि हा सल्ला जुन्या काळी घरगुती संगणकांसाठी सर्रास दिला जात असे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

आपल्या सॉकेटवरचे बटण फक्त एक तार तोडते. ती तार फेज असेल तर ठीक, पण जुन्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले सर्रास सापडतात. तेथे बटण बंद असूनही पॉवर सप्लायमध्ये २३० व्होल्ट हजर असतात. सर्व्हरच्या वायरी तर बहुधा रॅकमधील पट्टीत जातात आणि त्या पट्टीवर प्रत्येक वायरीला वेगळे बटण नसते. ज्या यंत्राला दोन वाटांनी वीज मिळते, त्यात एक वाट राखून हात घालणे मला कोणत्याही कारणाने पटत नाही.

आता स्थिर विजेविषयी. चिपचे नुकसान होते ते तुमचे शरीर आणि ती चिप यांच्या व्होल्टेजमध्ये फरक असतो म्हणून, यंत्र जमिनीशी जोडलेले नसते म्हणून नव्हे. माणसाला चटका जाणवायला साधारण ३००० व्होल्ट लागतात, तर काही नाजूक भाग शंभरापेक्षा कमी व्होल्टनेही बिघडू शकतात. म्हणजे चटका बसला नाही, याचा अर्थ काही झाले नाही असा होत नाही. मनगटी पट्टा सर्व्हरच्या रंग नसलेल्या उघड्या पत्र्याला लावला की तुम्ही आणि यंत्र एकाच पातळीवर येता, मग यंत्राची वायर जोडलेली असो वा नसो. तो पत्रा रुळांवाटे रॅकला टेकलेला असेल आणि रॅकला स्वतंत्र अर्थिंग असेल तर अधिकच चांगले. मात्र रुळांवर ऑइलपेंटचा थर असेल तर त्या जोडणीवर विसंबू नये. यंत्र टेबलावर असेल तर पट्ट्याची दुसरी चिमटी यंत्राला आणि यंत्रापासून एक तार रॅकच्या अर्थ-बोल्टला, अशी साधी व्यवस्था होते.

पट्ट्याच्या तारेत १ मेगाओहमचा रोध असतो. चुकून २३० व्होल्टला स्पर्श झाला तरी त्यातून ०.२३ मिलिअँपियरपेक्षा जास्त प्रवाह जात नाही, त्यासाठीच तो ठेवलेला असतो. म्हणून पट्टा तुटला तर नुसती तांब्याची तार मनगटाला गुंडाळण्याचा उद्योग कोणीही करू नये. मी तसे करणारा माणूस पाहिला आहे.

अर्थिंगवर एवढी भिस्त असेल तर ते मोजूनही पाहावे. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मल्टिमीटर धरल्यावर दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त आकडा येत असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवावे. अनेक कार्यालयांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या पिनेला मागे तारच नसते.

अथणीकर

शरीर आणि यंत्र एका पातळीवर आणणे महत्त्वाचे, हा मुद्दा पटला. फेज-न्यूट्रल उलटे असण्याची बाब मी धरलीच नव्हती. मात्र कोरड्या दिवसांत नायलॉनचे कपडे आणि प्लॅस्टिकची चटई टाळावी, एवढी भर घालतो.

मलप्रभाकाठ (खानापूर)

दोघांचेही आभार. रॅकवाला यांनी सांगितल्याप्रमाणे आकडे पाहिले. डिस्क साटा प्रकारच्या आहेत; ० ते ३ या चारही खणांत १९९ चा आकडा वाढतो आहे, ५ आणि १९७ शून्यावर आहेत. तेव्हा केबल बदलण्याचे ठरले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कार्डाकडच्या टोकाला वरच्या बाजूस चकचकीत पत्र्याची एक पट्टी दिसते, तर बॅकप्लेनकडच्या टोकाला निळ्या प्लॅस्टिकची लहानशी पट्टी बाहेर आलेली आहे. दोन्ही एकाच प्रकारचे खटके आहेत का?

रॅकवाला (टिळकवाडी)

नाहीत, आणि सगळ्या कामाची मेख याच ठिकाणी आहे. सर्व्हरमधील केबल जोराने निघत नाही, खटका सुटल्यावर निघते. खटका सुटलेला असेल तर ती दोन बोटांनी सहज बाहेर येते. सुटलेला नसेल तर तुम्ही जो जोर लावता तो सगळा कार्डावरच्या सॉकेटवर जातो, आणि ते सॉकेट पृष्ठभागावर बारीक डाखणीने बसवलेले असल्याने तेच आधी उचकटते. मग केबल वाचते आणि कार्ड जाते.

तुमच्या वर्णनावरून कार्डाकडचे टोक एसएफएफ-८०८७ प्रकारचे दिसते. त्यावरची पत्र्याची पट्टी म्हणजे स्प्रिंग आहे. तिच्या टोकाला हुकासारखे आकडे असतात आणि ते सॉकेटच्या पिंजऱ्यातल्या भोकांत अडकतात. ओढण्याच्या दिशेने ताण असताना हे आकडे अधिकच घट्ट बसतात, आणि तेथेच बहुतेकांची फसगत होते. म्हणून आधी कनेक्टर किंचित आत, सॉकेटच्या दिशेने दाबावा, त्यामुळे आकड्यांवरचा ताण जातो. मग पत्र्याची पट्टी पूर्ण चपटी होईपर्यंत दाबून धरावी आणि ती तशीच धरून कनेक्टर सरळ रेषेत मागे घ्यावा. डावी-उजवीकडे हलवत काढण्याची सवय जुन्या रुंद आयडीई केबलींची आहे. येथे तिचा उपयोग नाही.

निळी पट्टी असलेले टोक बहुधा मिनी सॅस एचडी, म्हणजे एसएफएफ-८६४३ असावे. तेथे पट्टी ओढली की खटका आपोआप उचलला जातो, म्हणून ती सरळ आणि संथपणे ओढावी. वाकडी ओढली तर प्लॅस्टिक तुटते आणि मग खटका दाबायला काहीच उरत नाही. पण निळा रंग दिसला म्हणजे ओढायचेच, असे गृहीत धरू नका, कारण काही कनेक्टरांवर तीच जागा दाबायची असते.

ते ओळखण्याचा खात्रीचा उपाय तुमच्या हातातच आहे. नवी केबल त्याच पार्ट क्रमांकाची आहे. रविवारी यंत्र उघडण्याआधी ती उजेडात घेऊन बसा, दोन्ही टोकांचे खटके दाबून आणि ओढून पाहा, काय दाबल्यावर कोणता आकडा आत जातो हे डोळ्यांनी पाहा आणि नंतर डोळे मिटून बोटांनीच करून पाहा. हीटसिंकजवळ तुम्हाला दिसणार नाही, तेथे बोटांनाच कळावे लागेल. बोटे पोहोचत नसतील तर मोबाइल उघडणारे कारागीर वापरतात ती प्लॅस्टिकची चपटी पट्टी घ्यावी. स्क्रू-ड्रायव्हर घेऊ नये, कारण तो घसरला की बोर्डावरचा तांब्याचा मार्ग खरवडला जातो. मी तर अशा ठिकाणी कार्डच रायझरसकट (ते ज्या जोडपट्टीत बसते तिच्यासकट) बाहेर काढणे पसंत करतो. दोन स्क्रू आणि पाच मिनिटे जास्त लागतात, पण कनेक्टर उजेडात येतो. मात्र रायझर उचलताना बॅटरीची वायर ताणली जाणार नाही, याकडे पाहावे लागते.

कोणते टोक आधी, याचा पक्का नियम नाही. मी आधी मोकळे टोक काढतो, कारण एक टोक सुटले की केबल सैल होते आणि अडचणीतले टोक ओढ न लागता हाताळता येते. तुमच्याकडे पंख्यांची चौकट काढावीच लागेल. बहुतेक २यू यंत्रांत ती दोन्ही बाजूंच्या खटक्यांवर बसलेली असते आणि सरळ वर उचलली जाते. ती काढण्यापूर्वी प्रोसेसरवरचे, हवेची दिशा ठरवणारे प्लॅस्टिकचे आच्छादन काढावे लागते. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या आकृतीत हा क्रम बहुधा दिलेला असतो आणि ती आकृती कोणी वाचत नाही.

काढण्यापूर्वी छायाचित्रे भरपूर घ्यावीत, आणि केवळ वरून नव्हे. केबल कोणत्या क्लिपेतून, कोणत्या वायरीच्या खालून गेली आहे, ते बाजूने टिपावे. दोन्ही केबलींच्या दोन्ही टोकांना खुणा करा, कारण बॅकप्लेनवरची दोन पोर्टे सारखीच दिसतात आणि अदलाबदल झाली तर खणांचे क्रमांक बदलतात किंवा कार्ड केबल चुकीची असल्याची तक्रार करते. मध्ये कोठे प्लॅस्टिकची टाय असेल तर ती कटरने तोडताना कटरचे तोंड केबलीपासून बाहेर असावे. नव्याने बांधताना वेल्क्रो वापरावा आणि कनेक्टरच्या अगदी जवळ बांधू नये.

नियामक

छायाचित्रे येथे टाकताना यंत्राचा सर्व्हिस टॅग आणि संस्थेचे नाव झाकून टाकावे, ही सर्वांना विनंती.

जांबोटीकर

चर्चेत उन्हाळ्याची कोरडी हवा आली, पण आमच्या भागातील पावसाळ्याचा विचार राहिला. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला जुलैमध्ये भिंतीसुद्धा पाझरतात. सर्व्हरची खोली एसीने थंड असते आणि तेथे जागा नाही म्हणून यंत्र उचलून बाहेरच्या दालनात आणले, की थंड पत्र्यावर आणि बोर्डावर दव धरते. ते डोळ्यांना दिसेलच असे नाही. शक्यतो काम त्याच खोलीत, रुळांवरच करावे. बाहेर आणणे भागच असेल तर झाकण न उघडता यंत्र खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबावे, आणि परत नेल्यावर वीज जोडण्याची घाई करू नये. कनेक्टरचे संपर्क काळवंडलेले दिसले तर ते खोडरबराने घासू नयेत, त्यावरचा सोन्याचा मुलामा अत्यंत पातळ असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारे कापड पुरेसे आहे.

उद्यमबाग (बेळगाव)

याला जोडून धुळीविषयी एक गोष्ट. आमच्याकडे वाळूच्या जोडीला लोखंडाची बारीक पूड उडते आणि ती वीजवाहक असते. अशा ठिकाणी केबल काढण्याआधीच भोवतीची धूळ मऊ ब्रशने काढून घ्यावी, नाहीतर कनेक्टर निघताच ती उघड्या सॉकेटमध्ये पडते. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नये, त्याच्या प्लॅस्टिकच्या तोंडावर स्थिर वीज साठते. काढलेले सॉकेट काही वेळ रिकामे राहणार असेल तर नव्या केबलीवर आलेली प्लॅस्टिकची टोपी त्यावर बसते का, ते पाहावे.

सीमाभागातला विद्यार्थी

थोडे विषयाजवळचे विचारतो. मी जुन्या २यू पेटीत स्वतः सर्व्हर जोडला आहे. मदरबोर्डावर साधी साटा पोर्टे आहेत आणि बॅकप्लेनवर एसएफएफ-८०८७ चे एक सॉकेट आहे. एका टोकाला चार साटा आणि दुसऱ्या टोकाला ८०८७ असलेली केबल बाजारातून आणली, सगळे नीट बसले, पण एकही डिस्क दिसत नाही. जुनी केबल काढताना काही बिघडले असेल का?

रॅकवाला (टिळकवाडी)

बिघडले नसावे. दिसायला हुबेहूब सारख्या अशा केबली दोन प्रकारच्या असतात. कंट्रोलरवरच्या ८०८७ कडून चार डिस्कांकडे जाणारी ती फॉरवर्ड आणि मदरबोर्डाच्या चार साटा पोर्टांकडून बॅकप्लेनच्या ८०८७ कडे जाणारी ती रिव्हर्स. आतली जोडणी वेगळी असल्याने एकीच्या जागी दुसरी चालत नाही. तुम्हाला रिव्हर्स हवी आहे आणि दुकानदार न विचारता फॉरवर्ड देतो.

साटा टोके काढताना प्रत्येक टोकाची पत्र्याची चिमटी दाबूनच काढा. तेथील एल आकाराची प्लॅस्टिकची जीभ बाजूला ओढ लागली की मोडते.

मलप्रभाकाठ (खानापूर)

रविवारी काम पूर्ण केले, त्याचा वृत्तान्त देतो.

रॅकवाला यांच्या सूचनेप्रमाणे आदल्या रात्री नव्या केबलीचे खटके हाताळून पाहिले. बॅकप्लेनकडची निळी पट्टी ओढायचीच निघाली. मदतीला शाखेतील एक सहकारी होते. त्यांना मराठी बोलता येते, पण वाचायची सवय कन्नडची आहे. म्हणून खुणांच्या चिठ्ठ्यांवर मराठी किंवा कन्नड काहीच न लिहिता इंग्रजी आकडे घातले आणि दोन केबलींसाठी दोन रंगांच्या पट्ट्या लावल्या. मी आत हात घातला असताना ते क्रमांक वाचून सांगत होते, त्यामुळे मला मान वळवावी लागली नाही.

दोन्ही वायरी काढून पॉवरचे बटण दाबून धरले तेव्हा समोरचा दिवा खरोखरच क्षणभर लुकलुकला. आच्छादन आणि पंख्यांची चौकट निघाल्यावर दोषाचे कारण समोर आले. चौकटीचा एक पाय केबलीवर बसलेला होता आणि त्या जागी केबल पूर्ण घडी पडल्यासारखी चेपली होती. पंखे पूर्वी कधी बदलले गेले तेव्हा हे झाले असावे. कार्ड मी रायझरसकट बाहेर घेतले. पट्टी दाबूनही कनेक्टर प्रथम हलला नाही, पण आधी आत दाबून मग पट्टी दाबल्यावर तो कसलाही जोर न लावता निघाला.

नवी केबल बाजूच्या क्लिपांतून नेली, चौकट बसवण्यापूर्वी आणि नंतर टॉर्च लावून पाहिली. कनेक्टर बसताना दोन्ही टोकांना टक् असा आवाज आला. सुरू केल्यावर आठही डिस्क आपापल्या क्रमांकावर दिसल्या. एक शंका मात्र राहिली आहे. सुरू होताना फॉरेन कॉन्फिगरेशनचा (डिस्कांवरची संचाची नोंद कार्डाला परकी वाटल्याचा) संदेश आला असता तर काय करायला हवे होते?

रॅकवाला (टिळकवाडी)

अभिनंदन. तो संदेश आला असता तर प्रथम काहीही न निवडता यंत्र बंद करून केबली आणि डिस्कांचे क्रमांक पुन्हा तपासायचे. सर्व डिस्क हजर असून त्या एकाच अ‍ॅरेच्या असल्याची खात्री पटली तर इम्पोर्ट निवडायचे. क्लिअर हा पर्याय निवडला तर त्या डिस्कांवरील अ‍ॅरेची नोंद पुसली जाते. घाईत नेमका तोच निवडला जातो, कारण त्याच्या नावावरून तक्रार दूर होईल असे वाटते.

आता एखाद्या रात्री कार्डाच्या सॉफ्टवेअरमधून कन्सिस्टन्सी चेक, म्हणजे डिस्कांवरची माहिती परस्परांशी जुळते का याची तपासणी, चालवा. चेपलेल्या केबलीच्या काळात एखादा डाग राहिला असेल तर तो त्यात सापडेल. १९९ चे आकडे आज टिपून ठेवा. जुने आकडे तसेच दिसत राहतील, पण त्यांत वाढ व्हायला नको. वाढ झाली तर पुढचा संशय बॅकप्लेनवर.

अथणीकर

जुन्या केबलीचे काय केले? आमच्याकडे अशा वस्तू कपाटात जातात आणि वर्षभराने कोणीतरी सुटा भाग म्हणून त्याच परत बसवतो.

मलप्रभाकाठ (खानापूर)

सध्या तीही कपाटातच आहे. उद्या दोन्ही कनेक्टर कापून ती ई-कचऱ्याच्या पेटीत टाकतो, आणि पंख्यांच्या चौकटीवर ‘खाली केबल आहे, पाहून बसवा’ अशी चिठ्ठी तिन्ही भाषांत लावतो.

उद्यमबाग (बेळगाव)

चिठ्ठी चौकटीवर लावू नका, पंख्याच्या हवेने ती सुटून आत फिरेल. झाकणाच्या आतल्या बाजूला, त्या आकृतीशेजारी लावा.